‘विद्यापीठाचे साहेब’ फडात येतात तेव्हा : बाहेरच्या सल्ल्याचे नियम

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर दर अंकात मी लागण, खोडवा, बेणे, पाणी याविषयी लिहीत असतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. कुणी म्हणेल, शेतकी अधिकाऱ्याला ही कायद्याची उठाठेव कशाला? पण विषय आपल्याच फडातून निघाला आहे आणि त्याचा संबंध तुमच्या खिशाशी आहे, म्हणून लिहितो.

झाले असे. आपल्या सोनपेठ तालुक्यातले, वाण नदीच्या अंगाच्या गावचे एक जुने सभासद आहेत. नाव छापू नका असे त्यांनीच सांगितले आहे. गेल्या हंगामानंतर त्यांचा अडीच एकर खोडवा पिवळा पडला. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, मग पांढरट, आणि शिरा तेवढ्या हिरव्या. आपण ज्याला केवडा पडला म्हणतो तोच प्रकार. गट ऑफिसला कळवायचे त्यांच्या मनात होते, पण त्याआधीच बांधावर एक चारचाकी येऊन उभी राहिली. औषधे विकणारा एक ओळखीचा पोरगा आणि त्याच्याबरोबर एक गृहस्थ. "हे विद्यापीठाचे साहेब आहेत, या बाजूला आले होते, म्हटलं तुमचा ऊस दाखवावा." साहेबांनी चार पाने मोडून पाहिली आणि चिठ्ठी लिहून दिली. तपासणी फी दोन हजार रुपये, रोख. चिठ्ठीवर तीन बाटल्या, त्या एकाच दुकानात मिळणाऱ्या, त्यांचे साडेसहा हजार वेगळे. बाटल्यांची पावती मिळाली, फीची नाही.

आठवड्याने मी गेलो. विचारले, "काका, कुठल्या विद्यापीठाचे होते?"

"आता इद्यापीठाचे म्हणल्यावर अजून काय इचारायचं साहेब? लई चांगलं बोलत व्हते."

नाव आठवेना. चिठ्ठीवर सही होती, पण नाव नव्हते, हुद्दा नव्हता, कचेरीचा शिक्का नव्हता.

रान चुनखडीचे. त्यात पाणी तुंबलेले. अशा रानात लोह जमिनीत असूनही उसाला घेता येत नाही, हे आपण मेळाव्यात कितीदा बोललो आहोत. आधी पाणी तोडायचे, आणि एकरी दहा किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून मुळाजवळ द्यायचे. विद्यापीठांची शिफारस हीच आहे, ती छापलेली आहे आणि फुकट आहे. हिराकसाचा खर्च बाटल्यांच्या मानाने किती, हे सभासदांना मी सांगायची गरज नाही.

तो माणूस खरोखरच कुठल्या विद्यापीठाच्या नोकरीत होता की नुसती बतावणी होती, हे मला कळलेले नाही. पण खरोखरचा असता तरी प्रश्न राहतोच. विद्यापीठाचा पगार घेणाऱ्या माणसाला बाहेर फी घेऊन सल्ला देता येतो का?

थोडक्यात उत्तर असे, की येतो. पण आधी लेखी परवानगी घेऊन, आपले नेमून दिलेले काम न बुडवता, पैशाचा हिशेब संस्थेला देऊन, आणि ज्या मालाची शिफारस करायची त्या मालात स्वतःचा पैसा गुंतलेला नसताना. यातले एक जरी सुटले तरी सल्ला कितीही बरोबर असो, काम नियमाबाहेरचे झाले.

हे नियम का आहेत ते कळायला विद्यापीठ कशासाठी काढले ते आठवावे लागेल. आपल्या भागात विद्यापीठ म्हटले की परभणी. १८ मे १९७२ रोजी ते मराठवाडा कृषि विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. राहुरीचे विद्यापीठ त्याआधी १९६८ सालचे, अकोल्याचे १९६९ चे, आणि दापोलीचे परभणीच्याच दिवशीचे. या चारही विद्यापीठांना कायद्याने तीन कामे दिली आहेत : शिकवणे, संशोधन करणे आणि तिसरे विस्तार शिक्षण, म्हणजे जे सापडले ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे. हे तिसरे काम म्हणजे शास्त्रज्ञाने आपल्यावर केलेला उपकार नव्हे, त्याच्या पगारातच ते आलेले आहे. १८ मेचा खरीप मेळावा, १७ सप्टेंबरचा रब्बी मेळावा, ‘शेतीभाती’ मासिक, आकाशवाणी परभणीवरची भाषणे, हे सगळे त्यातच येते. माती तपासायची तर प्रयोगशाळेत ठरलेले शुल्क भरायचे आणि पावती घ्यायची. म्हणजे सरकारच्या तिजोरीतून, अर्थात तुमच्या-माझ्या करातून, त्या सल्ल्याचे पैसे एकदा दिलेले आहेत. तोच सल्ला त्याच माणसाकडून दुसऱ्यांदा विकत घ्यायचा का, हा खरा सवाल आहे.

आता नियमांकडे वळू. सरकारी नोकरांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. कृषी विद्यापीठांसाठी १९८३ चा कायदा आणि त्याखालचे १९९० चे परिनियम आहेत. कलमांची भाषा जड असली तरी गाभा आपल्या सालगड्याच्या बोलीसारखाच आहे. पाडव्याला साल ठरले, की वर्षभर तो माणूस तुमच्या रानाचा. शेजाऱ्याची बैलगाडी चिखलात रुतली तर खांदा द्यायला त्याला कुणी हरकत घेत नाही. पण दिवसभर शेजाऱ्याच्या रानात रोजाने गेला, तर मालकाला विचारून जावे लागते. विद्वानांची सालगड्याशी तुलना केली म्हणून कुणी रागावू नये. मीही या कारखान्याचा सालगडीच आहे.

तर, पूर्वपरवानगीशिवाय कोणताही व्यापार, धंदा किंवा दुसरी नोकरी नोकराला करता येत नाही. खांदा द्यायची मुभा मात्र ठेवली आहे. विनामोबदला सामाजिक किंवा धर्मादाय काम करता येते. अधूनमधून वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे काम करता येते, मात्र त्याने नोकरीतल्या कामाला बाधा येता कामा नये. त्यामुळे एखादे प्राध्यापक आपल्या या पत्रिकेत उसावर लेख लिहितात किंवा सप्ताहात येऊन चार शब्द सांगतात, त्यात गैर काही नाही. पण दर रविवारी ठरलेल्या दुकानात बसून ठरलेल्या दराने चिठ्ठ्या लिहिणे हा धंदा झाला. सुटीच्या दिवशी करतो म्हणून तो सुटत नाही. ‘माझा रविवार माझा’ हे कारण पुष्कळजण देतात. रविवार तुमचा असेल, पण ‘विद्यापीठाचे साहेब’ हे नाव रविवारीही विद्यापीठाचेच असते, आणि लोक पैसे देतात ते त्या नावाला.

घरच्यांच्या धंद्याबाबत नियम बारकाईने केलेला आहे, आणि मला वाटते फसगत इथेच जास्त होते. नोकराच्या बायकोने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी दुकान अथवा एजन्सी चालवली तर ती बंदी नाही, पण ते वरिष्ठांना कळवावे लागते. आणि त्या एजन्सीसाठी नोकराने स्वतः शब्द टाकणे, गिऱ्हाईक आणणे, हा वर्तणुकीचा भंग धरला आहे. आपल्याकडे खताचे दुकान मंडळींच्या नावावर आणि चिठ्ठी साहेबांच्या हातची, असा जोडधंदा कुठे दिसला तर तो नियमात बसत नाही एवढे ध्यानात ठेवा.

पैशाचे काय? केंद्र सरकारच्या नोकराने बाहेरून मिळवलेल्या फीपैकी ठराविक मर्यादेपुढच्या रकमेचा एक तृतीयांश हिस्सा सरकारजमा करण्याचा नियम जुना आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९९७ साली प्रशिक्षण, सल्ला आणि कराराने करावयाचे संशोधन यांची वेगळी नियमावली केली. तिची रीत समजायला सोपी आहे. ज्याला सल्ला हवा तो संस्थेकडे येतो, करार संस्थेशी होतो, पैसे संस्थेच्या खात्यात जातात, आणि मग ठरल्याप्रमाणे वाटा शास्त्रज्ञाला मिळतो. शास्त्रज्ञाला दोन पैसे मिळू नयेत असे नियमाचे म्हणणे मुळीच नाही. ते खिडकीतून यावेत, मागच्या दाराने नकोत, एवढेच. सरकारी डॉक्टरांना खासगी दवाखाना न थाटण्याबद्दल ‘व्यवसायरोध भत्ता’ मिळतो हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यामागचा विचारही याच्याच जवळचा आहे.

आणि सगळ्यात जड कायदा म्हणजे १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा. लाचेचा कायदा तलाठी आणि पोलिसापुरता आहे असा आपला समज असतो. त्या कायद्यात लोकसेवक कोण याची जी यादी आहे, तीत विद्यापीठाचे कुलगुरू, प्राध्यापक, अध्यापक आणि कोणत्याही नावाने ओळखला जाणारा विद्यापीठाचा कर्मचारी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच यादीत सरकारी मदत घेतलेल्या, शेती किंवा उद्योगातल्या सहकारी संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि इतर पदाधिकारीही आहेत. म्हणजे बोट दाखवताना उरलेली बोटे कुणाकडे वळतात ते आपणही पाहिले पाहिजे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की शास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पाऊलच टाकू नये असे माझे मत आहे. तसे अजिबात नाही. उलट मला चार भिंतीत बसणाऱ्या शास्त्रज्ञाची जास्त धास्ती वाटते. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पायाच एका बाहेर पडलेल्या विद्वानाने घातला आहे. प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा करून उभा केला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. हे गाडगीळ त्या काळी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि नंतर नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे गाळप सुरू झाले तेव्हा पुण्यातला अर्थशास्त्राचा पंडित प्रवराकाठच्या शेतकऱ्यांच्या बैठकांना बसत होता. पण ते काम चोरून नव्हते. साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते, ते पद निवडून दिलेले होते, आणि त्यांच्या सांगण्याने कुणाची बाटली खपणार नव्हती.

मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ साली निघाला. ‘यूडीसीटी’ म्हणून तो प्रसिद्ध होता, २००८ पासून ती स्वतंत्र संस्था आहे. तिथल्या प्राध्यापकांनी रासायनिक कारखान्यांना सल्ला द्यायचा ही जुनी आणि उघड प्रथा. कारखान्यातली अडचण वर्गात येते, विद्यार्थी तीवर डोके चालवतो, आणि कारखान्याचेही काम होते. बाहेर देशांतही मनाई नाही, मोजमाप आहे. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापकाला तीन महिन्यांच्या एका सत्रात १३ दिवस बाहेरच्या सल्ल्याला देता येतात. आपल्याकडे आयआयटीसारख्या संस्थांतही साधारण आठवड्याला एक दिवस असा हिशेब धरतात. दिवस मोजले, कागद झाला, की भानगड राहत नाही.

मग भानगड कुठे होते? सल्ला देणाऱ्याचे पोट सल्ल्यावर न भरता मालावर भरू लागले, की तिथे. याचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला आणि पुढे पसरला. पानांखाली पांढरी लोकर, वर काजळी, लोक हवालदिल. जो तो पंप घेऊन धावला. उंच उसात फवारणी नीट होत नाही, आणि जी झाली तिने माव्याबरोबर त्याला खाणारे किडेही मेले. त्या वेळी विद्यापीठांतल्या आणि संशोधन केंद्रांतल्या कीटकशास्त्रज्ञांनी सांगितले, की डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक जपा. ज्या फडात ते दिसतात तिथली पाने काढून दुसऱ्या फडात नेऊन लावा, आणि ते दिसत असतील तर फवारू नका. शेवटी लोकरी मावा आटोक्यात आला तो मुख्यतः या किड्यांच्या जोरावर.

आता सांगा, ‘फवारू नका’ हा सल्ला बाटलीमागे कमिशन घेणारा माणूस देईल काय? त्याला तो सुचला तरी परवडणार नाही. बिनपैशाचा सल्ला देणारा कुणीतरी पगारावर असावा लागतो, म्हणून विद्यापीठे आहेत आणि म्हणून हे नियम आहेत.

हे सगळे मी दुसऱ्यांविषयी लिहिले. स्वतःविषयी न लिहिता लेख संपवला तर तुम्ही मला विचारायला मोकळे आहात. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने मला शेजारच्या भागात शेतकऱ्यांच्या बैठकीत बोलायला बोलावले. विषय खोडवा व्यवस्थापन, माझ्या आवडीचा. येण्या-जाण्याचे पेट्रोल आणि एक पाकीट. मग दुसऱ्या रविवारी, तिसऱ्या रविवारी. पहिल्या बैठकीत मी फक्त खोडव्याबद्दल बोललो. पुढच्या बैठकांत टेबलावर त्यांच्या पिशव्या मांडलेल्या असायच्या, आणि बोलता बोलता माझा हात त्यांच्याकडे जायचा. सहाव्या की सातव्या बैठकीत एका तरुण शेतकऱ्याने उठून विचारले, "साहेब, माती न तपासता हे टाकायचं का?" याच कारखान्याच्या मेळाव्यात असता तर मी म्हटले असते, आधी माती तपास, मग ये. तिथे मी म्हटले, "टाकून बघा, नुकसान तर नाही."

परत येताना गाडीवर ते वाक्य डोक्यातून जाईना. सोमवारी कार्यकारी संचालकांसमोर जाऊन सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी माझी सेवापुस्तिका मागवली आणि रुजू होताना मी सही केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. लेखी परवानगीशिवाय दुसरे कोणतेही काम मोबदल्याने करणार नाही, असे त्यावर लिहिलेले होते. सही माझीच. वाचले मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. पुढे गेलो नाही. पण त्या बैठकांत माझ्या शब्दावर कुणी काय विकत घेतले याचा हिशेब माझ्याजवळ नाही, आणि तो आता लागणारही नाही.

असो. आता कामाचे.

कुणीही ‘विद्यापीठाचे’ म्हणून बांधावर आले तर चहा जरूर पाजा, आणि नाव, हुद्दा, विभाग आणि केंद्र चिठ्ठीवर लिहून मागा. खऱ्या शास्त्रज्ञाला त्याचा राग येत नाही, तो आधीच आपले नाव सांगतो. फी मागितली तर विचारा की परवानगी आहे का आणि पावती कुणाच्या नावाची मिळेल. पावती विद्यापीठाची असेल तर बिनधास्त द्या. रोख घेऊन पावती नाही म्हणाले, तर पैसे खिशातच ठेवा. चिठ्ठीवर औषधाचे नाव कंपनीचे न लिहिता त्यातल्या घटकाचे लिहून द्या म्हणावे, म्हणजे तुम्हाला चार दुकानांत भाव विचारता येतो. ज्यांना आपण टॉनिक म्हणतो ती जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत, तेव्हा बाटलीवर काय लिहिले आहे ते घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. शंका आली तर विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहून ‘ही व्यक्ती आपल्याकडे आहे का, आणि तिला बाहेर सल्ल्याची परवानगी आहे का’ एवढे विचारता येते. उत्तर नाही आले तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

शास्त्रज्ञ हवा असेल तर सरळ वाटही आहे. किमान पाच-सात सभासदांच्या फडात एकच तक्रार असली, की गट ऑफिसमध्ये कळवा. आम्ही कारखान्यातर्फे विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण संचालकांना पत्र देतो आणि शास्त्रज्ञांची भेट मागतो. येण्या-जाण्याचा खर्च कारखाना करतो, तुम्हाला काही पडत नाही. या वाटेला वेळ लागतो ही तुमची तक्रार खरी आहे. पत्र जाते, उत्तर येते, तोवर हुमणी मुळ्या खाऊन मोकळी झालेली असते. त्या दिरंगाईचाच फायदा चारचाकीवाले घेतात. म्हणून तातडीच्या रोग-किडीसाठी आधी फोनवर सल्ला आणि मागाहून पत्र, अशी सोय करून द्यावी असे मी कार्यकारी संचालकांमार्फत विद्यापीठाला लिहिले आहे.

वर सांगितलेल्या सभासदांचा खोडवा पाणी तोडल्यावर आणि हिराकस दिल्यावर हिरवा होऊ लागला आहे. तीनपैकी दोन बाटल्या न फोडता तशाच होत्या. त्या परत घ्यायला दुकानदार तयार नाही. पावतीची नक्कल जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मी त्यांना सांगितले आहे, आणि अर्ज लिहून द्यायला आपला गटाचा चिटबॉय जाणार आहे.

शेवटी एक सूचना. माझ्या शेतकी विभागातला कुणी कर्मचारी, चिटबॉयपासून माझ्यापर्यंत, एखाद्याच दुकानाचे किंवा कंपनीचे नाव घेऊन माल घ्या म्हणाला, तर ती तक्रार माझ्याकडे आणू नका. ती थेट कार्यकारी संचालकांकडे लेखी द्या, आणि पोच घ्या.